छोट्या व्यावसायिकाची जमा उजेडात, खर्च मात्र अंधारात

प्राप्तिकराची चर्चा आपल्याकडे बहुधा पगारदारांच्या अंगाने होते. अर्थसंकल्प सादर झाला की करमुक्त मर्यादा किती वाढली आणि प्रमाणित वजावट किती मिळाली, याचे हिशेब घरोघरी मांडले जातात. स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसासाठी हे प्रश्न दुय्यम ठरतात. दुकानदार, ट्रकमालक, डॉक्टर, कारागीर यांच्यापुढचा पहिला प्रश्न असा असतो की, वर्षभर हातात आलेल्या पैशांतून कोणता खर्च वजा करता येतो आणि उरलेले किती उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने त्यांचे ठरते. गेल्या दहा वर्षांत डिजिटल व्यवहारांमुळे या मंडळींची जमा सरकारला जवळजवळ पैशापैशाने दिसू लागली आहे. त्यांचा खर्च मात्र त्यांनी स्वतः लिहून ठेवल्याखेरीज कोणालाच दिसत नाही. छोट्या व्यावसायिकाच्या करविषयक अडचणींचे मूळ या विषमतेत आहे.

महामार्गावरचे एक गाव

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शहरापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर बस्सी हे तहसिलीचे ठिकाण आहे. जयपूर-बांदीकुई लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे आणि राजस्थानच्या औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे 'रिको'ची, औद्योगिक वसाहतही येथे आहे. एका बाजूला शेती व पशुपालन, दुसऱ्या बाजूला महामार्ग आणि जवळच राजधानीची बाजारपेठ, अशा गावात स्वयंरोजगाराचे जे प्रकार आढळतात ते देशातील कोणत्याही तालुक्याच्या गावात आढळतात. किराणा दुकानदार, दूध गोळा करणारा, ट्रकमालक, गॅरेजवाला, छोटा दवाखाना चालवणारा डॉक्टर, बांधकामाचा ठेकेदार ही मंडळी बस्सीत असोत की बारामतीत, प्राप्तिकराचा कायदा दोघांनाही एकच लागू होतो. त्यामुळे बस्सीच्या बाजारातील हिशेब समजून घेतला तर देशभरातील छोट्या व्यावसायिकाची स्थिती लक्षात येते. पुढील विवेचनातील दुकानदार, ट्रकमालक आणि वास्तुविशारद ही केवळ हिशेबासाठी कल्पिलेली उदाहरणे आहेत.

कायदा खर्च कशाला म्हणतो

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात धंद्याच्या खर्चाविषयी दोन प्रकारच्या तरतुदी आहेत. पहिल्या प्रकारात खर्चाची नावे घेतलेली आहेत. जागेचे भाडे, दुरुस्ती, विम्याचा हप्ता, धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज, यंत्रे व वाहनांवरील घसारा ही त्यांतील ठळक नावे. दुसऱ्या प्रकारात कलम ३७(१) ची सर्वसाधारण तरतूद येते. जो खर्च भांडवली नाही, खासगी नाही आणि जो पूर्णतः व केवळ धंद्यासाठी केला आहे, तो उत्पन्नातून वजा होतो, असे हे कलम सांगते. नोकरांचा पगार, वीज, दूरध्वनी, जाहिरात, प्रवास, सनदी लेखापालाचे शुल्क, बँकेचे आकार असे असंख्य खर्च या एका कलमात सामावतात. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला भरावा लागणारा वार्षिक २,५०० रुपयांचा व्यवसाय करही धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो. प्राप्तिकर स्वतः मात्र वजा होत नाही.

भांडवली खर्चाचा अर्थ साधा आहे. दुकानासाठी शीतकपाट घेतले तर त्याची सगळी किंमत त्याच वर्षी खर्ची पडत नाही, ती घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे थोडी थोडी वजा होते. त्याच शीतकपाटाची दुरुस्ती मात्र त्या वर्षाचा खर्च ठरते. खासगी व धंद्याचा वापर मिसळलेला असेल, तर कलम ३८ नुसार धंद्याच्या वापरापुरता वाटा मान्य होतो. मोटारसायकलवरून माल आणणारा दुकानदार त्याच मोटारसायकलवरून मुलांना शाळेत सोडत असेल, तर पेट्रोलाचा सगळा खर्च त्याला दाखवता येणार नाही. किती वाटा धंद्याचा हे ठरवण्यासाठी काही नोंद हवी, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

न्यायालयांनी आखलेली रेषा

'पूर्णतः व केवळ धंद्यासाठी' या शब्दांवर गेली अनेक दशके न्यायालयांत खल झाला आहे. मुंबईच्या ससून जे. डेव्हिड कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये एक महत्त्वाचा खुलासा केला. खर्च धंद्यासाठी केलेला असला पाहिजे, तो अपरिहार्य होता हे सिद्ध करण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता. १९६१ च्या विधेयकात कलम ३७ मध्ये 'आवश्यक' अशा अर्थाचा शब्द घालण्याचा प्रयत्न झाला होता आणि लोकांच्या विरोधामुळे तो मागे घेण्यात आला, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. धंदा कसा करावा हे व्यापाऱ्याने ठरवायचे, कर अधिकाऱ्याने नव्हे, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

मुळात राजस्थानातून आलेल्या आणि विदर्भात स्थिरावलेल्या एका व्यापारी घराण्याचा खटलाही येथे आठवावा लागतो. नागपूरचे रहिवासी बद्रीदास डागा यांच्या पेढीचा मुंबईतील कारभार मुखत्याराच्या हाती होता. त्याने पेढीच्या खात्यातून रक्कम काढून सट्ट्यात घालवली आणि सुमारे दोन लाख रुपये बुडाले. हा तोटा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करावा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, धंदा नोकर व मुखत्यारांमार्फत चालवताना अफरातफरीचा धोका अंगभूतच असतो, म्हणून असा तोटा नफा मोजताना विचारात घ्यावा लागेल. गल्ल्यावरच्या नोकराने पैसे लांबवले तर छोट्या दुकानदारालाही आज याच निकालाचा आधार मिळतो. त्यासाठी गल्ल्यात किती पैसे होते, हे मात्र त्याला दाखवता आले पाहिजे.

न्यायालयांनी दुसऱ्या बाजूची सीमाही स्पष्ट केली आहे. इराणच्या आखातातून खजूर आणताना आयातीच्या अटींचा भंग केल्याबद्दल मुंबईच्या हाजी अझीझ पेढीला दंड झाला होता. तो दंड धंद्याचा खर्च म्हणून मान्य करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. पुढे १९९८ मध्ये कायद्यातच स्पष्टीकरण जोडण्यात आले की, गुन्हा ठरणाऱ्या किंवा कायद्याने निषिद्ध असलेल्या कारणासाठी केलेला खर्च वजा होणार नाही. ज्येष्ठ विधिज्ञ शांती भूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचा सुमारे पावणेदोन लाखांचा खर्च व्यावसायिक खर्च म्हणून दाखवला होता. वकिलासाठी निरोगी हृदय हे व्यवसायाचे साधन आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला. हृदय प्रत्येक माणसालाच लागते आणि त्याचा संबंध केवळ वकिलीशी जोडता येत नाही, हे त्या निकालाचे सार होते.

गृहीत नफ्याची वाट

बहुतेक छोट्या व्यावसायिकांना या खल-चर्चेत पडण्याची वेळच येत नाही, कारण त्यांनी दुसरी वाट धरलेली असते. हिशेबवह्या ठेवण्याचा जाच नको म्हणून उलाढालीवर ठरावीक टक्के नफा झाला असे गृहीत धरायचे, ही कल्पना भारतात १९९० च्या दशकात रुजली. १९९२ मध्ये छोट्या किरकोळ व्यापाऱ्यांसाठी वर्षाला सरसकट १,४०० रुपये कराची योजना आली होती. १९९४ मध्ये बांधकामाचे ठेकेदार आणि मालवाहू वाहनांचे मालक यांच्यासाठी, तर १९९७ मध्ये किरकोळ व्यापारासाठी गृहीत उत्पन्नाची कलमे आली. त्या वेळी किरकोळ व्यापाऱ्याचा नफा उलाढालीच्या ५ टक्के धरला जात असे.

२००९ च्या दुसऱ्या वित्त कायद्याने ही रचना बदलली. किरकोळ व्यापाराचे स्वतंत्र कलम संपले आणि जवळजवळ सर्व छोट्या धंद्यांसाठी कलम ४४-एडी अन्वये ८ टक्क्यांचा एकच दर आला. पात्रतेची उलाढाल पुढे १ कोटीवर, २०१६ मध्ये २ कोटींवर आणि २०२३ मध्ये, रोखीची जमा ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास, ३ कोटींवर नेण्यात आली. नोटाबंदीनंतर बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या जमेसाठी हा दर ६ टक्के करण्यात आला. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, लेखापाल आदी व्यावसायिकांसाठी २०१६ मध्ये कलम ४४-एडीए आले आणि त्यांच्या जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानली जाऊ लागली.

या योजनेची सोय निर्विवाद आहे. वह्या नकोत, पावत्यांचे गठ्ठे नकोत, लेखापरीक्षण नको. या सोयीची किंमत मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. एकदा नफा गृहीत धरला की प्रत्यक्ष खर्चाला काही अर्थ उरत नाही. भाडे, पगार, व्याज, वीज हे सगळे त्या ९२ किंवा ९४ टक्क्यांत आले, असे कायदा मानतो. घसाराही मिळून गेला असे समजले जाते. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या टेम्पोवर घसारा कधी मागितला नसला, तरी कायद्याच्या लेखी त्याची किंमत दरवर्षी घटत गेलेली असते. तोट्याचे वर्षही या योजनेत मावत नाही. २०२० च्या टाळेबंदीसारख्या काळात ज्यांना खरोखर तोटा झाला, त्यांनाही एकतर ६ वा ८ टक्के नफा दाखवावा लागतो किंवा योजनेतून बाहेर पडावे लागते. तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत ओढण्याची सवलत प्रत्यक्ष हिशेब ठेवणाऱ्याला आणि वेळेत विवरणपत्र भरणाऱ्यालाच आहे.

बाहेर पडण्याची अटही कडक आहे. एकदा ही योजना स्वीकारून पुढील पाच वर्षांत कधी ती सोडली, तर त्यानंतरची पाच वर्षे परत येता येत नाही. या काळात उत्पन्न करमुक्त मूळ मर्यादेच्या वर गेले तर हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण बंधनकारक होते. अडते, दलाल, विमा एजंट अशा दलालीवर जगणाऱ्यांना तर ही वाट मुळातच बंद आहे. त्यांना प्रत्येक खर्च लिहून, पुराव्यानिशीच दाखवावा लागतो.

बारा लाखांची नवी रेषा

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. या एका बदलाने गृहीत नफ्याचे गणितच बदलले. सगळी जमा बँकेमार्फत येत असेल तर २ कोटींच्या उलाढालीवर ६ टक्क्यांनी १२ लाख होतात, म्हणजे दुसरे उत्पन्न नसलेल्या दुकानदाराला कर शून्य. सगळी जमा रोखीची असेल तर ही रेषा दीड कोटींच्या उलाढालीवर येते. डॉक्टरसारख्या व्यावसायिकाच्या बाबतीत २४ लाखांच्या जमेपर्यंत कर शून्य राहतो. बस्सीसारख्या गावातील बहुसंख्य छोट्या धंद्यांना यामुळे खराखुरा दिलासा मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

भार उरतो तो या रेषेच्या वरच्या आणि नफ्याचे प्रमाण कमी असलेल्या धंद्यांवर. किराणा मालाचा एक दुकानदार धरू. त्याची उलाढाल २ कोटी ४० लाख रुपये आहे, ती सगळी बँकेमार्फत येते आणि तेल, साखर, पीठ अशा मालावर सगळा खर्च जाता त्याच्या हाती ४ टक्के उरतात. त्याचा खरा नफा ९ लाख ६० हजार झाला. प्रत्यक्ष हिशेब दाखवला तर त्याला कर लागत नाही. गृहीत योजनेत मात्र त्याचे उत्पन्न १४ लाख ४० हजार ठरते आणि नव्या करपद्धतीच्या दरांनी, ४ टक्के उपकरासह, त्याला ९९,८४० रुपये कर भरावा लागतो. न कमावलेल्या जवळजवळ पाच लाखांवरचा हा कर आहे. १९९७ चा ५ टक्क्यांचा दर कायम असता तर त्याचे गृहीत उत्पन्न १२ लाखच झाले असते आणि कर शून्य राहिला असता.

महामार्गावरच्या ट्रकमालकाची गोष्टही अशीच आहे. दहापर्यंत वाहने असणाऱ्याला कलम ४४-एई लागू होते. १२ टनांहून अधिक वजनाच्या ट्रकसाठी दर टनामागे महिन्याला १,००० रुपये, तर हलक्या वाहनासाठी महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरले जाते. २५ टनांचा एक ट्रक म्हणजे वर्षाला ३ लाख. असे पाच ट्रक असतील तर १५ लाख, आणि त्यावर उपकरासह १ लाख ९ हजार २०० रुपये कर. ट्रक रस्त्यावर धावला की भाड्याअभावी उभा राहिला, याचा येथे विचार होत नाही. तो मालकीचा होता एवढे पुरेसे असते. डिझेल, टायर आणि टोल यांचा खर्च गृहीत अंदाजाहून अधिक झाला असेल, तर ते दाखवण्यासाठी त्या मालकाला पुन्हा वह्यांकडेच वळावे लागते.

व्यावसायिकांच्या बाबतीत दर ठरवतानाच प्रश्न निर्माण झाला होता. न्यायमूर्ती आर. व्ही. ईश्वर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारी २०१६ मध्ये व्यावसायिकांचे उत्पन्न जमेच्या एक तृतीयांश धरावे असे सुचवले होते. अर्थसंकल्पात तो वाटा निम्मा झाला. स्वतःच्या घरी बसून सल्ला देणाऱ्याला निम्मा खर्च भरपूर वाटेल. कार्यालयाचे भाडे आणि तीन-चार मदतनीसांचे पगार देणाऱ्या वास्तुविशारदाला तो अपुरा पडू शकतो. त्याची जमा ३० लाख आणि खरा खर्च १८ लाख असेल, तर प्रत्यक्ष हिशेबाने कर शून्य आणि गृहीत हिशेबाने १ लाख ९ हजार २०० रुपये.

दहा हजारांची रोकड

जे प्रत्यक्ष खर्च दाखवण्याची वाट धरतात त्यांच्यापुढे रोकडीचा अडसर असतो. कलम ४०-ए(३) नुसार एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिले तर तो खर्च अमान्य होतो. मालवाहतूकदाराला दिलेल्या भाड्यासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. खर्च खरा होता, पावतीही आहे, पण पैसे रोखीने दिले, एवढ्यावरून तो उत्पन्नात परत मिळवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अत्तर सिंग गुरमुख सिंग खटल्यात ही तरतूद वैध ठरवली होती, कारण खोट्या खर्चांना आळा घालणे हा तिचा हेतू आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने २०,००० ची मर्यादा १०,००० वर आणली.

ग्रामीण भागासाठी नियमांत काही अपवाद आहेत. शेतकऱ्याला शेतमालासाठी, पशुपालकाला दूध वा जनावरांसाठी आणि विजेच्या मदतीशिवाय वस्तू बनवणाऱ्या कुटीरोद्योगातील कारागिराला दिलेली रोख रक्कम या बंधनातून वगळली आहे. बँक नसलेल्या गावातील व्यवहारही सुटतात. बस्सीच्या परिसरात दूध किंवा भाजी थेट उत्पादकाकडून घेणाऱ्याला याचा लाभ होतो. पण तोच माल मधल्या व्यापाऱ्याकडून घेतला तर अपवाद लागू होत नाही. हा भेद माहीत नसल्याने खरा खर्च हातचा जातो.

सांगलीचे गलाई व्यावसायिक

मराठी वाचकांना या विषयाशी जोडणारे एक जिवंत उदाहरण सांगली जिल्ह्यातील गलाई व्यावसायिकांचे आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात स्थिरावली. भाड्याचा गाळा, भट्टी, मूस, आम्ल, इंधन आणि गावाकडून आणलेली दोन-चार मुले एवढ्यावर हा धंदा उभा असतो. यातील गाळ्याचे भाडे, आम्ल, इंधन, कामगारांचे पगार आणि त्यांच्या जेवणाचा मालकाने केलेला खर्च धंद्याचा ठरतो. यात्रेसाठी मालकाच्या कुटुंबाने गावी केलेला प्रवास खासगी ठरतो.

त्याहून मोठा प्रश्न उलाढालीचा आहे. सराफाचे सोने गाळून देणाऱ्याची जमा म्हणजे केवळ त्याची मजुरी. सोने त्याचे नसते, म्हणून त्याची किंमत उलाढालीत येत नाही. पण तोच व्यावसायिक जुने सोने स्वतः विकत घेऊन शुद्ध करून विकू लागला, की सोन्याची सगळी किंमत त्याची उलाढाल बनते. सोन्याच्या खरेदी-विक्रीत नफा अत्यल्प असतो, आणि ६ टक्क्यांचे गृहीतक तेथे वास्तवाशी कोठेच जुळत नाही. मजुरी आणि व्यापार यांची नोंद वेगळी ठेवली नाही, तर बँक खात्यातील प्रत्येक जमा व्यापाराची समजली जाण्याचा धोका राहतो. परमुलखात, वेगळ्या भाषेच्या गावात काम करणाऱ्या या मंडळींना तो धोका अधिक जाणवतो.

जमा दिसते, खर्च दिसत नाही

नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर विभाग प्रत्येक करदात्याला वार्षिक माहिती विवरण उपलब्ध करून देतो. बँकेतील मोठे व्यवहार, व्याज, मुळातून कापलेला कर, समभागांची खरेदी-विक्री यांची माहिती त्यात एकत्र येते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमेच्या आधारे हजारो छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठवल्या, तेव्हा बंगळुरूच्या अनेक दुकानांवरून क्यूआर कोडचे फलक उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. भाजी, दूध अशा करमुक्त मालाची विक्री, मित्राकडून घेतलेले हातउसने आणि घरगुती व्यवहार हे सगळे एकाच खात्यात मिसळलेले होते. अखेरीस राज्य सरकारला मागील वसुलीबाबत माघार घ्यावी लागली. तो कर वेगळा होता, पण धडा प्राप्तिकरालाही लागू पडतो. यंत्रणेला जमा दिसते. त्या जमेमागे किती खरेदी, किती भाडे, किती मजुरी आहे हे तिला दिसत नाही, आणि ते सांगण्याची जबाबदारी व्यावसायिकावर येते.

ही विषमता पगारदाराच्या बाबतीत नाही. त्याला २०२४ पासून नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट कोणत्याही पावतीविना मिळते. स्वयंरोजगार करणाऱ्याला अशी किमान वजावट नाही. त्याला एकतर सगळा नफा गृहीत धरू द्यावा लागतो किंवा प्रत्येक रुपया सिद्ध करावा लागतो. मधला मार्ग कायद्यात नाही.

इतर देशांनी काय केले

ब्रिटनमध्ये खर्चाची कसोटी भारतासारखीच कडक आहे. ॲन मॅलेलियू या महिला बॅरिस्टरने न्यायालयात घालायच्या कपड्यांचा खर्च मागितला, तेव्हा १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तो नाकारला. कपडे अंग झाकण्यासाठीही लागतात, म्हणून तो खर्च केवळ व्यवसायाचा नाही, असे कारण देण्यात आले. मात्र त्याच देशाने २०१३ पासून छोट्यांसाठी सुलभ खर्चाची पद्धत आणली. वाहनाच्या धंद्यासाठीच्या वापराला मैलामागे ठरावीक रक्कम आणि घरून काम करणाऱ्याला महिन्याला ठरावीक रक्कम वजा करता येते. २०१७ पासून वर्षाला १,००० पौंडांपर्यंतची धंद्याची जमा करमुक्त आहे. अमेरिकेतही मैलामागे प्रमाणित दर आहे, आणि २०२५ साठी तो ७० सेंट होता.

या दोन्ही पद्धतींत आणि भारतीय पद्धतीत एक मूलभूत फरक आहे. तेथे ज्या खर्चाची नोंद ठेवणे कठीण, तेवढाच खर्च गृहीत धरला जातो. बाकीचा हिशेब खराच राहतो. आपल्याकडे संपूर्ण नफाच गृहीत धरला जातो, आणि किराणा दुकानदार, शिंपी, हॉटेलवाला, सराफ अशा अगदी भिन्न धंद्यांना एकच टक्केवारी लावली जाते.

पुढील वाट

संसदेने २०२५ मध्ये नवा प्राप्तिकर कायदा संमत केला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या या कायद्याच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरवण्यात आली. त्यात ५३६ कलमे असून भाषा सोपी करण्याचा आणि 'कर वर्ष' ही एकच संज्ञा रूढ करण्याचा प्रयत्न आहे. खर्चाची मूळ कसोटी आणि गृहीत नफ्याची चौकट मात्र तशीच ठेवण्यात आली. भाषा सुलभ झाली, तत्त्व तेच राहिले.

बदल करायचाच असेल तर तो कोठे करता येईल, हे वरील उदाहरणांतून दिसते. अल्प नफ्याच्या किरकोळ व्यापारासाठी वेगळा दर कायद्यात पूर्वी होता, तो पुन्हा आणता येईल. वाहन, दूरध्वनी, घरातील कामाची जागा अशा मोजक्या खर्चांसाठी प्रमाणित रकमा ठरवता येतील. खऱ्या तोट्याच्या वर्षी योजना सोडणाऱ्याला पाच वर्षांच्या बंदीतून सूट देता येईल. यातील एकाही बदलाने करचुकवेगिरीला वाव मिळण्याची शक्यता फारशी नाही, कारण जमेची बाजू आता पूर्वीइतकी झाकलेली राहिलेली नाही.

तोपर्यंत व्यावसायिकाच्या हाती उरते ती जुनीच गोष्ट. आपल्याकडे रोजमेळ आणि खतावणी लिहिण्याची परंपरा होती, राजस्थानात लाल कापडाच्या बहीखात्याची होती. गृहीत योजनेच्या सोयीने आणि मोबाइलवरच्या व्यवहारांनी ती सवय सुटत गेली. धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवणे, दहा हजारांवरचा खर्च बँकेमार्फत करणे आणि रोजचा खर्च त्याच दिवशी लिहिणे, एवढी शिस्त पाळणाऱ्याला दरवर्षी दोन्ही वाटांचा हिशेब करून पाहता येतो आणि कोणत्या वाटेने जायचे ते स्वतः ठरवता येते. ज्याच्याकडे खर्चाची नोंदच नाही, त्याच्या बाबतीत तो निर्णय कायद्याने आधीच घेतलेला असतो.